कडूपणाचा आकडा

आपल्याकडे बीअरचे प्रकार दोन: माइल्ड आणि स्ट्राँग. बीअर शॉपीच्या काउंटरवर प्रश्न याच्या पुढे गेलाच तर 'चिल्ड आहे का?' इथवर जातो. महाराष्ट्रात 5 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असेल तर माइल्ड, त्याच्या वर स्ट्राँग. बाजारात सर्वाधिक खपणाऱ्या स्ट्राँग बीअर 7-8 टक्क्यांच्या घरात जातात. स्ट्राँग म्हणजे कडक आणि कडक म्हणजे कडू, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात या बीअर फारशा कडू नसतात. जिभेवर त्या अंमळ गोडच लागतात, आणि घशाला जो झणका बसतो तो अल्कोहोलचा असतो.

मी ज्या बीअरबद्दल लिहिणार आहे तीसुद्धा 8 टक्क्यांचीच आहे. म्हणजे अल्कोहोलच्या हिशेबात आपल्या कोपऱ्यावरच्या स्ट्राँगच्या बरोबरीची. पण कडूपणा मोजायचं जे एकक आहे, आयबीयू, त्यात साधी लागर 10 ते 20च्या दरम्यान असते आणि हिच्या नावावर 100चा आकडा आहे. नाव 'प्लिनी द एल्डर'; प्रकार डबल आयपीए; बनवणारी कंपनी कॅलिफोर्नियातली रशियन रिव्हर ब्रूइंग. अमेरिकेत घरी बीअर बनवणाऱ्या हौशी लोकांची संघटना 'झायमर्जी' नावाचं नियतकालिक काढते. त्याच्या वाचकांनी 2009 ते 2016 अशी सलग आठ वर्षं हिला देशातली सर्वोत्तम बीअर ठरवलं होतं.

ही बीअर खरोखर एवढी चांगली आहे का, आणि त्या चांगलेपणात शंभराच्या आकड्याचा वाटा किती, एवढाच या लेखाचा विषय आहे. परीक्षणाआधी एक कबुली देणं भाग आहे: माझं नाक एकदा बंद पडून पुन्हा चालू झालेलं आहे. ते कसं, हे ओघात येईल.

*

आयपीएशी माझी ओळख 2019मधली. पुण्यात नोकरीला लागून वर्ष झालं होतं. डूलालीने 2009मध्ये पुण्यात सुरुवात केली तेव्हा मी शाळेत होतो. मी कमवायला लागेपर्यंत शहरात ताज्या बीअरच्या जागा बऱ्याच झाल्या होत्या आणि टीमची पार्टी अशाच ठिकाणी करायची पद्धत पडली होती. अशा एका जागी भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक बीअरपुढे दोन आकडे लिहिले होते, अल्कोहोल आणि आयबीयू. मी दुसऱ्या स्तंभातला सगळ्यात मोठा आकडा शोधला आणि ती बीअर मागवली. ज्यातलं काही कळत नाही ते घेताना आम्ही इंजिनीअर लोक आकडा बघतो. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, फोनची रॅम, तसा हा आयबीयू.

पहिल्या घोटाला लहानपणी क्वचित क्रोसिनची गोळी जिभेवर विरघळायची त्याची आठवण झाली. टेबलावर सगळे बघत होते. मी म्हणालो, "भारी आहे." पुढची दोन वर्षं मी हेच म्हणत राहिलो. गव्हाची, संत्र्याच्या सालीची गोडसर बीअर पिणारे म्हणजे नवशिके, आणि आयपीए पिणारे म्हणजे जाणकार, अशी एक उतरंड आमच्यात आपोआप तयार झाली होती. तिच्या वरच्या पायरीवर उभं राहायला एवढंच लागायचं, की कडू प्यायचं आणि तोंड वाकडं करायचं नाही.

चवीच्या बाबतीत असं नाटक सगळेच थोडंफार करतात. कॉफी काळी पिणारे करतात, शास्त्रीय गायनाला जाऊन बसणारेही करतात. नाटक करता करता कधी खरी गोडी लागते, हेही खरं. माझ्या बाबतीत ते झालं असतं की नाही सांगता येत नाही, कारण मध्येच वेगळं काहीतरी घडलं. त्याआधी हा आयबीयू म्हणजे नेमकं काय, ते सांगतो.

*

हॉप्स ही एक वेल. तिच्या मादी फुलांचे हिरवे शंकू असतात आणि त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी ल्युप्युलिन नावाची चिकट पिवळी पूड असते. या पुडीत दोन गोष्टी असतात, अल्फा आम्लं आणि सुगंधी तेलं. अल्फा आम्लं नुसती टाकून फारशी कडू होत नाहीत. उकळत्या द्रावात तास-दीड तास राहिली की त्यांच्या रेणूची रचना बदलते, ती विरघळतात आणि बीअर कडू होते. सुगंधी तेलांचं उलट आहे. उकळलं की ती वाफेबरोबर उडून जातात. आपण कोथिंबीर आमटीत शेवटी घालतो त्याच कारणाने बीअरमध्येही वासाचे हॉप्स उकळण्याच्या शेवटी घालतात, आणि आंबवण झाल्यावर थंड बीअरमध्ये पुन्हा कोरडेच घालतात. कडूपणा आणि वास एकाच फुलातून येतात, पण दोघांना वागवायची रीत परस्परविरोधी आहे.

आयबीयू मोजताना बीअरमध्ये आम्ल घालतात, आयसोऑक्टेनमध्ये तिच्यातले कडू पदार्थ ओढून घेतात, त्यातून 275 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश सोडतात, किती शोषला गेला ते बघतात आणि आलेल्या संख्येला 50ने गुणतात. मला ही पद्धत मनापासून आवडते, तरी तिच्या मर्यादा उघड आहेत. ज्याने प्रकाश शोषला ते सगळं कडू असं ती धरून चालते. साखर किती आहे ते तिला दिसत नाही, आणि 60 आयबीयूची दाट, गोड, काळी स्टाउट ही 40 आयबीयूच्या पातळ कोरड्या बीअरपेक्षा सौम्य लागू शकते. वास तर तिच्या हिशेबातच नाही.

शिवाय पुष्कळदा फळ्यावरचा आकडा मोजलेलाही नसतो. पाककृतीवरून, किती हॉप्स किती वेळ उकळले यावरून, गणिताने काढलेला असतो. बीअरमध्ये ही कडू आम्लं साधारण शंभराच्या आसपास पोचल्यावर पुढे फारशी विरघळत नाहीत, पण कागदावर गणित पुढे चालूच राहतं. 2010मध्ये डेन्मार्कच्या मिकेलरने '1000 आयबीयू' नावाचीच बीअर काढली. जिभेला त्यातले शेवटचे काहीशे कळण्याची शक्यता नव्हतीच. मी ज्या उतरंडीवर चढत होतो, तिचं हे टोक.

*

2021च्या एप्रिलमध्ये मी साताऱ्याला घरी होतो. घरात सगळ्यांना कोविड झाला. माझा ताप चार दिवसांत उतरला. पाचव्या दिवशी आईने चहा दिला तेव्हा त्यात आलं घातलंय का, असं मी विचारलं. तिने कपाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. आलं ठेचलेलं तळाशी दिसत होतं.

वास गेला म्हणजे नेमकं काय जातं, हे सांगणं अवघड आहे. खारट, आंबट, गोड, कडू हे सगळं जिभेवर शाबूत होतं. लिंबू आंबट लागायचं, पण लिंबू लागायचं नाही. पुरणपोळी गोड लागायची, दाट लागायची, बस. आईने एकदा कारल्याची भाजी केली, चिंचगुळाची, मला आवडते म्हणून मुद्दाम. मी दोन घास खाल्ले. तिने विचारलं, "कशी झालीये?" मी म्हटलं, "कडू आहे." ती म्हणाली, "अरे, मीठ लावून चांगली पिळलीये की." मी परत एक घास घेतला. चिंच आंबट, गूळ गोड, कारलं कडू, तिन्ही शेजारी शेजारी बसली होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती. त्या घासानंतर मी ताट सारलं आणि गच्चीवर जाऊन बसलो.

जुलैत पुण्याला परतलो. एका मित्राच्या फ्लॅटवर त्याने आयपीए आणली होती. त्याला माझं नाक बंद असल्याचं माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. ग्लास तोंडाला लावला. थंड, बुडबुडे, आणि मग कडू. त्याच्या आधी काही नाही, नंतर काही नाही. मित्र डोळे मिटून म्हणाला, "आंबा येतोय ना मागून?" मी म्हणालो, "भारी आहे."

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा लक्षात आलं, की स्पेक्ट्रोफोटोमीटरला जी बीअर दिसते ती मी आज प्यायलो. 275 नॅनोमीटरची बीअर. दोन वर्षं ज्या आकड्यासाठी मी ग्लास मागवत होतो तोच आणि तेवढाच माझ्या तोंडात होता, आणि तो अगदी निरर्थक होता.

पुढे वास परत आला, पण सरळ नाही आला. काही महिने कॉफी जळक्या प्लास्टिकसारखी यायची. कांदा परतला की कुजकट काहीतरी यायचं आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर पडायचो. डॉक्टरांनी वासाचा सराव सांगितला: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, रोज दोनदा, प्रत्येकी काही सेकंद. चार छोट्या बरण्या करून मी त्या टेबलावर ठेवल्या. स्टँडअप मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून लवंग हुंगायचो. सगळ्यात आधी निलगिरी आली, मग लिंबू. गुलाब आजही अर्धवटच येतो.

*

2023च्या सप्टेंबरमध्ये कामासाठी तीन आठवडे सॅन होजेला गेलो. एका शनिवारी ऑफिसातल्या एकाबरोबर गोल्डन गेट ओलांडून उत्तरेला, सांता रोझाला गेलो. रशियन रिव्हरचं ब्रूपब 2004पासून तिथे आहे. दुपारी गर्दी होती, पण जागा मिळाली.

कंपनीचा कर्ता विनी सिलुर्झो. 1994मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला गावी त्याची ब्लाइंड पिग नावाची छोटी ब्रुअरी होती आणि तिथली पहिलीच बीअर त्याने हॉप्सचं प्रमाण जवळजवळ दुप्पट करून बनवली. डबल आयपीए या प्रकाराची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात. त्यामागचं कारण त्याने स्वतःच मोकळेपणाने सांगितलेलं आहे: यंत्रसामग्री जुनीपुराणी होती, बीअरमध्ये काही दोष उतरलेच तर ते झाकले जावेत म्हणून एवढे हॉप्स. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. मी टेबलावर कडू बीअर मागवायचो त्याचंही कारण फार वेगळं नव्हतं.

प्लिनी ही त्यानंतरची, 2000 सालची. इथे झाकण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि तोच हिचा पहिला गुण. ग्लासात ती पारदर्शक, सोनेरीकडून किंचित तांबूसकडे जाणारी दिसते. फेस पांढरा, आणि तो ग्लासला वलयं सोडत खाली जातो. मी आधी हुंगली. सवयीने डोळे मिटले, बरणी हुंगताना मिटायचो तसे. पहिल्यांदा आली ती पपनसाची साल. फोड नव्हे, साल सोलताना बोटांवर तुषार उडतात तो वास. त्याच्या पाठोपाठ राळ, ओलं देवदारी लाकूड आणि, हे मी ग्लास खाली ठेवून पुन्हा उचलून तपासलं, निलगिरी. टेबलावरच्या चार बरण्यांपैकी दोन या ग्लासात होत्या. सोबतच्या सहकाऱ्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, येतंय सगळं."

आता चव. घोट घेतल्यावर आधी संत्र्याच्या अंगाचा एक गोडसर भास होतो, प्रत्यक्ष गोडी जवळजवळ नसतेच. कडूपणा नंतर येतो. तो स्वच्छ आहे, त्याला कडा आहेत. तुरट नाही, घशात खरवडत नाही. येतो, ठळक उभा राहतो आणि चार-पाच सेकंदांत तोंड कोरडं करून निघून जातो. मागे राळेचा वास रेंगाळतो आणि हात पुन्हा ग्लासाकडे जातो. शंभर हा आकडा वाचून मी जबड्याला तयार करून बसलो होतो. त्याची गरज पडली नाही.

हे कसं साधलं, त्याची उत्तरं पाककृतीत आहेत, आणि सिलुर्झोने घरी बीअर बनवणाऱ्यांना ती कधीच देऊन टाकलेली आहे. कडूपणाच्या कामाला ब्रुअरीत हॉप्सचा अर्क वापरतात. त्यात पाला नसतो, त्यामुळे भरमसाट पाला उकळल्यावर जो गवताळ तुरटपणा उतरतो तो टळतो. अमारिलो, सेंटेनियल, सिम्को आणि सीटीझेड हे हॉप्स वासासाठी उशिरा आणि पुन्हा थंडीत पडतात. आणि त्यात थोडी साखर, डेक्स्ट्रोज घालतात. ही साखर गोडी आणायला नाही. यीस्ट ती पूर्ण खाऊन टाकतं, अल्कोहोल वाढतं आणि बीअरचं अंग मात्र जड होत नाही. आपल्या स्ट्राँग बीअरमध्ये 8 टक्क्यांबरोबर जो चिकट गोडवा येतो तो इथे नाही, त्यामागे हेही एक कारण.

आपल्याकडे म्हण आहे: कडू कारले, तुपात तळले, साखरेत घोळले, तरी ते कडू ते कडूच. म्हणीत ती निंदा आहे. या बीअरच्या बाबतीत मी ती कौतुक म्हणून वापरेन. साखर घातली आहे, फळांचे वास घातले आहेत, आणि तरी कडू ते कडूच राहिलं आहे. लपवलेलं नाही आणि मिरवलेलंही नाही. आईचं माहेर पेणकडचं, त्यामुळे आमच्याकडे कडव्या वालांचं बिरडं होतं. वाल भिजवून, मोड आणून, सोलूनही त्यांच्यात एक कडसर धागा उरतोच, आणि तो काढून टाकला तर नारळ, गूळ, आमसूल सगळं मिळमिळीत होईल. प्लिनीत कडूपणा त्या धाग्याचं काम करतो, फक्त धागा बराच जाड आहे.

यासाठी मराठीत शब्द शोधताना एक गंमत सापडली. आयुर्वेदातल्या सहा रसांत 'कटु' म्हणजे मिरी-सुंठीचा तिखट रस. कडुनिंब-कारल्याच्या रसाला 'तिक्त' म्हणतात. आपला 'कडू' आला 'कटु'वरून, पण येताना अर्थ बदलून आला. त्यामुळे कडूच्या पोटात कुठेतरी तिखट दडलेलं असावं, असं मला उगीच वाटतं. कडसर, कडवट, कडू, कडूशार, कडूजहर, अशा आपल्याकडे पाच पायऱ्या तयार आहेत. प्लिनीला मी चौथीवर ठेवेन. शेवटच्या पायरीवर दुसऱ्या बीअर आहेत आणि त्या तिथे सुखात राहोत.

*

ब्रूपबमधून मी एक बाटली घेतली. बाटलीत भरल्याची तारीख 11 दिवसांपूर्वीची होती. परतताना वाटेत एका दुकानात थांबलो, तिथे हीच बीअर फ्रिजच्या बाहेर फळीवर उभी होती, तारीख अडीच महिन्यांपूर्वीची. तीही घेतली. लेबलवर कडेकडेने पुन्हा पुन्हा बजावलेलं आहे की ही साठवून ठेवायची बीअर नव्हे, ताजी प्या. हॉटेलच्या खोलीत दोन्ही बाटल्या एकाच तापमानाला आणल्या आणि दोन ग्लासांत शेजारी ओतल्या.

रंगात फरक नावापुरता होता. वासात मात्र दुसऱ्या ग्लासातून पपनस गेलं होतं, निलगिरी गेली होती. त्यांच्या जागी मध, थोडं कॅरमेल आणि जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा भास. कडूपणा होता तिथेच होता, उलट जास्त उघडा पडून बोचत होता. अडीच महिन्यांत आयबीयू जो काही थोडाफार उतरला असेल तेवढाच. म्हणजे आकडा जवळपास तोच, आणि बीअर दुसरीच. मी तो दुसरा ग्लास संपवला नाही. मित्राच्या फ्लॅटवरचा जुलै आठवला.

इथे 'इंडिया पेल एल' या नावातल्या इंडियाचा विचार करावाच लागतो. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या बो ब्रुअरीतून हॉजसनची बीअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान घेऊन निघत आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून महिनोनमहिने प्रवास करून मुंबई-कलकत्त्याला पोचवत. पुढे 1820च्या दशकात बर्टनचे ऑलसॉप या व्यापारात उतरले. हॉजसनने ही बीअर खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली, ही कथा आता इतिहासकार मानत नाहीत; हॉप्स भरपूर घातलेली, मुरवून प्यायची पेल एल इंग्लंडात आधीपासून होती. पण ती प्रवासात टिकायची, आणि जहाजाच्या पोटात हेलकावे खात मुरून आणखी चांगली व्हायची, एवढं खरं. तिथे हॉप्स टिकवण्यासाठी होते.

नाव तेच घेतलेली ही कॅलिफोर्नियाची पणती मात्र प्रवास सहन करत नाही. हॉप्स पूर्वजापेक्षा जास्त आहेत, पण ते आहेत वासासाठी, आणि वास टिकत नाही. इंडियाचं नाव असलेली ही बीअर इंडियात नीट अवस्थेत पोचवणं जवळजवळ अशक्य आहे. पुण्यातल्या मित्राने बॅगेतून एक आण म्हणून सांगितलं होतं. मी आणली नाही.

*

आता आक्षेप. पहिला नावाबद्दल. थोरला प्लिनी हा रोमन निसर्गअभ्यासक, इसवी सन 79मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. त्याच्या ग्रंथात एका रानवेलीचा उल्लेख आहे आणि ती हॉप्सच, या समजावर बीअरचं नाव बेतलेलं आहे. ती वेल खरंच हॉप्सची होती का यावर अभ्यासकांचं एकमत नाही. नाव छान आहे, पण त्याने एक पोथीनिष्ठा तयार केली. हिचं धाकटं भावंड, 'प्लिनी द यंगर' ही आणखी कडक बीअर, वर्षातून थोडेच दिवस मिळते आणि तिच्यासाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात. तीन तास उभं राहिलेल्या माणसाला बीअर वाईट लागणं मानसिकदृष्ट्या परवडत नाही. दोन वर्षं 'भारी आहे' म्हटलेल्या माणसाचा हा अनुभव आहे.

दुसरा आक्षेप ग्लासातला. बीअर गार असताना वर सांगितलेलं सगळं खरं आहे. पण शेवटचा पाव ग्लास कोमट होत जातो तसा राळेखालून कांद्या-लसणाच्या बाजूचा एक उग्र वास वर येतो. अमेरिकेतल्या काही हॉप्समध्ये तो असतोच, आणि पुष्कळांना तो जाणवत नाही किंवा चालतो. मला चालला नाही. हा बीअरचा दोष किती आणि परतलेल्या कांद्याला घाबरणाऱ्या माझ्या नाकाचा किती, हे मला वेगळं करून सांगता येत नाही. म्हणूनच नाकाची कबुली मी आधी देऊन ठेवली.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, पण सांगायला हवी. आज ही बीअर थोडी जुन्या वळणाची वाटते. गेल्या दहा-बारा वर्षांत आयपीए व्हरमाँटच्या 'हेडी टॉपर'च्या वाटेने गेली: गढूळ, मऊ, आंब्या-अननसाच्या वासाची, कडूपणा जेमतेम. पुण्यातही आता हेच जास्त मिळतं आणि खपतं. कडूपणाच्या शर्यतीला लोक कंटाळले ते बरंच झालं. पण शर्यतीबरोबर कडूपणाही टाकून दिला, हे मला पटत नाही. गढूळ आयपीएचे पहिले तीन घोट फार सुंदर असतात आणि अर्ध्या ग्लासानंतर फळांच्या रसाचा कंटाळा येतो, कारण तोंड पुसून कोरं करणारं काही तिच्यात नसतं. प्लिनीचा सोळावा घोट पहिल्याइतकाच स्पष्ट लागतो. त्यात एक धोकाही आहे: 8 टक्के इतके बेमालूम लपतात की दुसरा ग्लास मागवताना भान ठेवावं लागतं. आम्ही ठेवलं आणि उबर केली. गाडी रविवारी जाऊन आणली.

माझा निकाल असा: ताजी आणि गार मिळाली तर ही बीअर तिच्या कीर्तीला उतरते. शिळी मिळाली तर तिच्यात फक्त कीर्ती आणि आकडा उरतो. लोकांनी तिला पहिल्या नंबरवर नेलं त्याचं श्रेय शंभराला देण्यात अर्थ नाही. शंभर तर दुसऱ्या ग्लासातही होते.

परत आल्यावर एका शुक्रवारी त्याच मित्राबरोबर बसलो. समोर पुण्यातच बनलेली आयपीए होती, फळ्यावर 55 लिहिलेली. मी त्याला नाक चिमटीत धरून घोट घ्यायला लावला. त्याने घेतला, तोंड वाकडं केलं. "काय लागलं?" "कडू. नुसतं कडू." मग म्हटलं, आता गिळ आणि नाक सोड. त्याने सोडलं आणि क्षणभर थांबून हसला. तेव्हा मी त्याला 2021च्या जुलैबद्दल सांगितलं, आणि त्या दिवशी मला आंबा आला नव्हता हेही. तो म्हणाला, "मग भारी आहे का म्हणालास?" मी नाक चिमटीत धरून माझ्या ग्लासातला घोट घेतला, सोडलं, आणि आंबा येईपर्यंत थांबलो. थोडा आला.